सहीची रिकामी जागा

त्या बाईंनी आमच्या संडासाचं दार न विचारता उघडलं.

गुरुवारची दुपार. मस्कतच्या हमरियात, शिंप्याच्या दुकानावरचा तिसरा मजला. बाई आत वाकल्या, साखळी ओढली, पाणी वाहून जाईपर्यंत थांबल्या आणि सोबतच्या बाईंना म्हणाल्या, "फ्लश वर्किंग. इंडियन स्टाइल." दुसऱ्या बाईंनी लिहून घेतलं. त्यांच्या हातात क्लिपचं पॅड होतं. पॅडवर छापील फॉर्म. फॉर्मवर माझं नाव.

आई मागे उभी होती, पदराला हात पुसत. हात कोरडेच होते.

मी सोळा वर्षांची होते. अकरावीत. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. त्या दुपारी मला राग आला असं मी नंतर लोकांना सांगत आले. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा असतो, आहे पण आपला नाही, तशी मी अख्खी उभी होते.

या बाई कोण, आमच्या घरात का आल्या, ते सांगते.

युरोपातली एक तरुणांची संस्था होती. ती त्या वर्षी मस्कतला पंधरा-सोळा मुलं पाठवणार होती, निरनिराळ्या देशांतली. इथल्या काही शाळांतल्या मुलांबरोबर ती मुलं तीन दिवस संसद भरवणार. खोटी, पण खऱ्यासारखी. ठराव लिहायचे, मांडायचे, भांडायचं, मतं द्यायची. विषय ठरलेला होता : अठराच्या खालच्या तरुणांचं म्हणणं निर्णयात मोजलं जावं की नाही. येणारं प्रत्येक मूल इथल्या एका मुलाच्या घरी आठवडाभर राहणार. आणि उन्हाळ्यात इथली मुलं तिकडे जाणार. स्ट्रासबर्ग म्हणून एक गाव आहे, तिथल्या खऱ्या संसदेच्या गॅलरीत बसायला.

आमच्या शाळेतून सहा जण घेणार होते. निबंधावरून. यादी बोर्डावर लागली तेव्हा माझं नाव सगळ्यात वर होतं. हे मी मिरवायला लिहीत नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मिरवायलाच लिहितेय. आमच्या घराण्यात त्याआधी कुठल्या यादीत कुणाचं नाव वर लागलेलं मला माहीत नाही.

बाबा नववी नापास. एसी मेकॅनिक. व्हिसावर सुपरवायझर लिहिलेलं, कारण त्याशिवाय बायकामुलांचा व्हिसा मिळत नव्हता. पण हातात पानाच. आई चौथीपर्यंत. खेड तालुक्यातलं गाव सोडून ती मस्कतला आली तेव्हा तिला इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. बाबांनी शिकवलं, दुकानांच्या पाट्या वाचायला लावून. म्हणून आईला पाटीचं भारी कौतुक. डब्यांवर, बरण्यांवर, सगळ्यावर ती पट्टी चिकटवून लिहायची. मीठ. साखर. हळद.

हे लक्षात ठेवा. इथेच सगळं अडकलं.

आम्ही शेअरिंगमध्ये राहायचो. मस्कतमध्ये राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, दोन कुटुंबं. एक खोली आमची. बाबा, आई, मी आणि धाकटा भाऊ. दुसरी खोली वसईच्या रेमीकाकांची आणि फिलोमिनामावशीची. रेमीकाका एका हॉटेलच्या लाँड्रीत होते. किचन, बाथरूम, फ्रिज सामायिक. घरमालकाला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. कागदावर एकच कुटुंब.

शाळेच्या फॉर्मवर रकाना होता : घरात राहणाऱ्या व्यक्ती किती? फॉर्म मीच भरत होते. मी बाबांकडे बघितलं.

"चार लिही," बाबा म्हणाले.

"पण मावशी..."

"बाय, चार लिही."

मी चार लिहिलं. माझ्या अक्षरात.

मग घरात जी धांदल सुरू झाली! फिलोमिनामावशीच म्हणाली, "आमी जातो ना आठ दिवस दारसैतला, माज्या चुलत भावाकडे. तुजी ती गोरी मैत्रीण आमच्या खोलीत झोपंल. काय गो, खाटेवर झोपतात ना ते लोक?" रेमीकाका म्हणाले, "नाय, झाडावर झोपतात." सगळे हसले. बाबा सगळ्यात जास्त हसले.

माझी पाहुणी ठरलेली होती. ॲनेके, हॉलंडची. आधी एकमेकींना पत्र लिहायचं असा नियम होता. तिचं पत्र आलं होतं, निळ्या शाईतलं. तिच्या गावात सगळे सायकलवरून शाळेत जातात. ती गावच्या तरुणांच्या कौन्सिलवर आहे आणि त्यांनी भांडून एक बसथांबा मिळवला. शेवटी विचारलं होतं, 'तुझ्या घरी खूप गरम होतं का? मला उकाड्यात झोप येत नाही, माफ कर.'

मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. दोन दिवसांनी बाबा कुठूनसा एक जुना विंडो एसी घेऊन आले. खोलला, धुतला, गॅस भरला आणि मावशीच्या खोलीत बसवला. आमच्या खोलीतला खडखड करायचा. हा आवाजच करत नव्हता. बाबांनी आईला बोलावून कान लावायला सांगितला. "बघ. आहे का आवाज?"

मग शाळेतून कळलं की पाहुणे यायच्या आधी पालक कमिटी घरं बघून जाणार. सहाच्या सहा.

आम्ही फ्लॅट एका कुटुंबाचा केला. किचनमधल्या मावशीच्या कपाटाचं कुलूप काढलं. दुसरा सिलिंडर पलंगाखाली. हॉल मधोमध विभागणारा पडदा उतरवला. मेरीमातेची तसबीर उतरवायला आईचा हात होईना. शेवटी मावशीने स्वतः उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि दारसैतला नेली. जाताना म्हणाली, "आता कोणी बोलंल का दोन घरं हाईत म्हणून?"

कोणी बोललं नसतं.

तर त्या बाई. सायलीच्या मम्मी. सायली माझ्याच वर्गात होती, यादीत तिचं नाव सातवं होतं. म्हणजे यादीच्या बाहेर, राखीव. ते लोक घुब्ऱ्याला, बंगल्यांच्या वस्तीत राहायचे. सायलीचे पप्पा बाबांच्याच कंपनीत मोठे इंजिनियर. मला ते माहीत होतं, बाबांना अर्थातच माहीत होतं. बाई दारातून आत आल्या आणि बाबांना ओळखलं.

"अरे, तुम्ही का? आमच्याकडे एसी बघायला आला होतात ना!"

"हो मॅडम," बाबा म्हणाले. आणि आपल्याच घरात उभे राहिले.

आईने सरबत आणलं, ट्रेमध्ये, नव्या ग्लासांतून. "आत्ताच घेतलंय हो," म्हणून बाईंनी हात लावला नाही. दुसऱ्या बाईंनी ग्लास घेतला, हातात धरून ठेवला.

"गाव कुठलं तुमचं?"

"खेड तालुका."

"हो का? आमचं मूळ चिपळूणचं. म्हणजे जवळच की. आडनावावरून काही लक्षात आलं नाही." बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे कोट आणि चष्मा घातलेल्या माणसाचा तो फोटो होता, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. "अच्छा," बाई म्हणाल्या. गाव, आडनाव हा विषय तिथेच मिटला. दुसऱ्या बाईंनी ग्लास खाली ठेवला. भरलेला.

मग संडास. ते सांगितलं.

मावशीच्या खोलीत त्या एसीचं वारं अंगावर घेत दोन मिनिटं उभ्या राहिल्या. नवी चादर, खिडकीला पडदा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "रूम छान आहे हो, एकदम नीट." मला वाटलं, झालं. सुटलो.

सायलीच्या मम्मी किचनमध्ये गेल्या आणि फ्रिज उघडला.

आतल्या दोन्ही कप्प्यांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या. आईच्या अक्षरात, पेनाने. वरचा : 'फिलो'. खालचा : 'आमचा'.

चार वर्षं त्या पट्ट्या तिथे होत्या. आम्ही दिवसातून वीस वेळा तो फ्रिज उघडायचो. कुलूप दिसलं, सिलिंडर दिसला, मेरीमाता दिसली. पट्ट्या कुणालाच दिसल्या नाहीत.

"फिलो कोण?" बाईंनी विचारलं.

धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. तो म्हणाला, "मावशी. ती दारसैतला गेलीय. आमची गोरी जाईपर्यंत."

बाई हसल्या. खरंच हसल्या, मोठ्याने, दुसऱ्या बाईंकडे बघून. मग माझ्याकडे वळल्या. "अगं, पण खोटं लिहायचं कशाला? आम्ही काय पोलीस आहोत का? परिस्थिती असते एकेकाची. पण ही परदेशातली मुलं, उद्या काही झालं तर रिस्पॉन्सिबिलिटी आमची."

आणि बाबांना, "तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"हो मॅडम," बाबा म्हणाले.

त्या गेल्यावर आईने उरलेलं सरबत आम्हाला दिलं. मी दोन ग्लास प्यायले. गोड होतं. आई फ्रिजसमोर बसली आणि नखाने पट्ट्या खरवडायला लागली. पट्टी निघाली, गोंद राहिला. ती खरवडत राहिली.

शनिवारी इंग्लिशच्या मॅडमनी मला बोलावलं. या मॅडमनीच माझा निबंध सगळ्यात वर ठेवला होता. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.

"यू आर अ ब्राइट गर्ल," त्या म्हणाल्या. "पण होस्ट करणं जमत नसेल तर पार्टिसिपेट करता येत नाही. नियम आहे. सायली तुझ्या जागी येईल. तू व्हॉलंटियर हो. मागे राहून काम करणंसुद्धा तितकंच महत्त्वाचं असतं."

मी म्हटलं, "असा नियम नाहीये."

"म्हणजे?"

नियमांची झेरॉक्स पुस्तिका त्यांनीच आम्हाला दिली होती. चाळीस पानं. मी ती दोनदा वाचली होती. तोपर्यंत मला वाटायचं सगळ्यांनीच वाचली असेल. सव्विसाव्या पानावर लिहिलेलं होतं की घर, पैसा, धर्म किंवा कुटुंब यांच्यावरून कुठल्याही मुलाला वगळायचं नाही. घरी पाहुणा ठेवणं शक्य नसेल तर संयोजकांना कळवावं, ते पाहुण्याची सोय दुसरीकडे करतील. मी पान उघडून मॅडमच्या समोर ठेवलं.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, परत लावला. "ठीक आहे. बघते मी."

त्यांनी बघितलं. बुधवारी बाबांना शाळेत बोलावलं.

बाबा कामाच्या कपड्यांत आले, खिशावर कंपनीचं नाव. टेबलावर टाइप केलेला एक कागद. इंग्रजीत. कौटुंबिक अडचणीमुळे मी स्वेच्छेने माझं नाव मागे घेत आहे. खाली सहीच्या दोन जागा. पालक. विद्यार्थी. मॅडमच्या शेजारी सायलीच्या मम्मी बसल्या होत्या, कमिटीच्या म्हणून.

"फॉर्मॅलिटी आहे," त्या बाबांना म्हणाल्या. "आमचे साहेब पण म्हणाले, उगाच प्रकरण वाढायला नको. घर शेअर केलंय वगैरे बाहेर गेलं तर तुम्हालाच त्रास."

बाबांनी कागद वाचला नाही. वाचताच आला नसता असं नाही. हळूहळू आला असता. पेन घेतलं आणि सही केली. बाबांची सही मोठी होती, चित्रासारखी. मग पेन माझ्याकडे सरकवलं.

ते पेन मी बघत होते. निळं, टोपण चावलेलं. अंगात तेच इंजेक्शन. बधिर. पण एक गोष्ट दिसत होती. त्या ओळीत 'मी' असं लिहिलं होतं, आणि तो मी म्हणजे बाबा नव्हते.

"मी सही करणार नाही."

"का?" मॅडमनी विचारलं.

"मी नाव मागे घेतलेलं नाही."

"अगं, वडिलांनी केलीय ना सही?"

"त्यांचं नाव यादीत नव्हतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं, दोन जागांपैकी भरलेल्या जागेकडे.

सायलीच्या मम्मी म्हणाल्या, "बघा. मुलींना फार शिकवलं की असं होतं." आणि हसल्या, म्हणजे ही गंमत होती. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात शिकत होती.

घराजवळ, रुवीला टॅक्सीतून उतरताना बाबा एवढंच म्हणाले, "बाय, माझी नोकरी गेली तर आपण चौघं परत. तुझी शाळा पण परत. खलास."

मला ते माहीत होतं. हे मला नीट लिहायचंय, कारण अशा आठवणी सांगताना लोक स्वतःला शूर करतात. मला माहीत होतं की बाबांची नोकरी जाऊ शकते. माहीत असून मी सही केली नाही.

संसद एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरली. मी गेले. मॅडम म्हणाल्या होत्या, आलीस तर पाण्याच्या बाटल्या बघ. आई म्हणाली, "कशाला जातेस गो? काय बघायचं राह्यलंय?" मला ॲनेकेला बघायचं होतं.

प्रत्येकासमोर नावाची पाटी. मत द्यायचं असेल तर पाटी वर करायची. मी भिंतीला लागून उभी. गळ्यात व्हॉलंटियरचं कार्ड, त्यावर नाव नव्हतं.

सायलीने ठराव मांडला. भाषण माझं होतं. शब्दन् शब्द. मी ते मॅडमना तपासायला दिलं होतं, तेच. 'ज्यांच्याविषयी निर्णय होतो त्यांना त्या खोलीत खुर्ची हवी, दाराबाहेर नव्हे.' सायलीने ते छान म्हटलं. माझ्यापेक्षा छान म्हटलं असेल. तिचं इंग्रजी घरचं होतं. टाळ्या पडल्या. मी एका रिकाम्या ग्लासात पाणी ओतलं.

मधल्या सुट्टीत एक उंच मुलगी बाटली घ्यायला आली. चेहऱ्यावर उन्हाने लाल ठिपके. मी पत्रातली सही ओळखत होते, चेहरा नाही. तिच्या कार्डावर नाव होतं.

"ॲनेके," मी म्हटलं, "मी तुला पत्र लिहिलं होतं."

तिने हातातली बाटली खाली ठेवली. "तू? तू कशी आहेस? तुझी आई कशी आहे? त्यांनी सांगितलं तिला खूप बरं नाहीये, म्हणून तू येऊ शकली नाहीस."

आईला आजारी पाडलं होतं. माझी आई त्या वेळी हमरियात मासे साफ करत होती.

"माझी आई आजारी नाही," मी म्हटलं.

बधिरपणातून पहिल्यांदा काहीतरी वर आलं ते इथे. राग नव्हे. नुसतं स्पष्ट दिसायला लागलं, चष्मा पुसल्यासारखं. मी तिला सगळं सांगितलं. फ्रिज, पट्टी, कागद. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण थांबलं नाही. ॲनेके लाल झाली. तिने माझा दंड धरला आणि मला संयोजक बाईंकडे घेऊन गेली. पिकल्या केसांच्या, सपाट चपला घातलेल्या बाई. त्यांनी मला सरळ विचारलं, "तू स्वतःहून माघार घेतलीस का?"

मॅडम धावत आल्या. सायलीच्या मम्मी पण. "शी इज अ बिट शाय," मॅडम म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "मला काढलं."

संयोजक बाईंनी फाइल मागवली. कागद काढला. बाबांची चित्रासारखी सही. शेजारची जागा कोरी. बाईंनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता. आता ही बाई काहीतरी करेल.

"मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण तू अठरा वर्षांखालची आहेस. पालकाची सही असली की आमच्यासाठी कागद पूर्ण होतो. तुझी सही नसली तरी चालतं."

"मग ती जागा कशाला ठेवलीय?" ॲनेकेने विचारलं. मी नाही.

संयोजक बाईंनी फाइल मिटली. म्हणाल्या, पुढच्या वर्षी तू नक्की अर्ज कर, मी स्वतः लक्ष घालीन. तेवढ्यात घंटा झाली. सगळे आत गेले. ठराव मताला आला. अठराच्या खालच्या तरुणांचं म्हणणं मोजलं जावं, याच्या बाजूने जवळजवळ सगळ्या पाट्या वर गेल्या. सायलीची गेली. ॲनेकेने पाटी वर केली नाही. विरोधातही नाही. पाटी टेबलावर पालथी ठेवून ती बसली होती.

मी भिंतीपाशी उभी राहून सगळ्या पाट्या मोजल्या. माझ्या हातात बाटली होती.

शेवटच्या दिवशी व्हॉलंटियरांना सर्टिफिकेटं वाटली. माझं नाव पुकारलं. मी जागेवरच थांबले. परत पुकारलं. मॅडमनी खुणेने बोलावलं. मी मान हलवली. मग पुढचं नाव पुकारलं.

सायली स्ट्रासबर्गला जाऊन आली. तिने वर्गात फोटो दाखवले. खूप मोठं सभागृह होतं. मी बघितले. छान होते.

बाबांची नोकरी गेली नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांना आत, वाळवंटातल्या साइटवर पाठवलं. सात महिने. का, ते कुणी सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती. गुरुवारी यायचे, शुक्रवारी परत. ओठ फुटलेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तो एसी मावशीच्या खोलीतच राहिला. मावशी म्हणायची, "घेऊन जा तुमच्या खोलीत," बाबा म्हणायचे, "राहू दे."

साइटवरून परत आल्यावर एका शुक्रवारी बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. कंपनीचा कसला तरी फॉर्म.

"वाच आधी," बाबा म्हणाले. "सगळं वाच. मग सांग. मग मी बघतो सही करायची का ते."

तेव्हापासून बाबांनी न वाचलेल्या एकाही कागदावर सही केली नाही. ऑफिसात कागद पुढे आला की म्हणायचे, उद्या देतो. अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, माणूस वैतागायचा, "यल्ला, यल्ला, साइन करो." बाबा म्हणायचे, "मेरा वकील घर में है." साइटवरची पोरं त्यांना वकीलसाहेब म्हणायला लागली. चेष्टेने. मग हळूहळू आपले कागद घेऊन त्यांच्याकडे यायला लागली, आणि ते कागद घेऊन बाबा माझ्याकडे. आईने त्या कागदांसाठी एक प्लास्टिकची फाइल आणली. पट्टी चिकटवली. लिहिलं : 'वाचायचे'.

मी पुढच्या वर्षी अर्ज केला नाही. मुंबईला आत्याकडे राहून बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. पदवीच्या अर्जावर सही करताना मी सगळा अर्ज वाचला, मागची बाजूसुद्धा. खिडकीतले क्लार्क म्हणाले, "अहो मॅडम, वाचताय काय? सगळ्यांचा सारखाच असतो." मी वाचला.

मग नोकरी धरून मस्कतला परत आले. आता माबेलाला राहते. फ्लॅट मोठा आहे, शेअरिंगमध्ये नाही. फ्रिजवर पट्ट्या आहेत. आई येते तेव्हा चिकटवते, मी काढत नाही.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. इंग्लिशच्या मॅडम. आवाज थकलेला, ओळखीचा. म्हणाल्या, त्या युरोपातल्या संस्थेची मुलं यंदा पुन्हा मस्कतला येणार आहेत. एवढ्या वर्षांनी. कार्यक्रम मोठा झालाय, सायलीच्या मम्मी अजून कमिटीवर आहेत. "तू आमची माजी विद्यार्थिनी. ग्रॅज्युएट, चांगल्या नोकरीत. तुझ्यासारखी मुलगी कमिटीवर हवी. घरं बघायला दोन बायका कमी पडतायत."

मी म्हटलं, "मॅडम, मी कमिटीवर येईन."

"अगं, वा! मला वाटलंच..."

"पण कुणाच्या घरात शिरणार नाही. मुलांना शाळेत बोलवा. खुर्चीवर बसवा. पाहुणा ठेवता येईल का ते त्यांनाच विचारा. ठेवता येत नसेल तर सव्विसावं पान काढून संयोजकांना कळवा, आणि मुलाचं नाव यादीत आहे तिथेच राहू द्या. आणि मुलाची सही नसेल तर एकही कागद पुढे जाणार नाही. पालकाची असली तरी नाही. मी जाऊ देणार नाही. कागदापाशी मी बसेन."

पलीकडे कुठेतरी शाळेची बेल वाजत होती.

"अजून तसंच बोलतेस," मॅडम म्हणाल्या. "हे कमिटीला चालेल असं वाटत नाही."

"मग माझं नाव काढा."

"म्हणजे तू नाही म्हणतेयस?"

"नाही. मी हो म्हणतेय. तुम्हाला चालत नसेल तर तुम्ही काढा. पण मी मागे घेतलं असं लिहू नका. तुम्ही काढलंत असं लिहा. खाली तुमची सही करा."

अजून तो कागद आलेला नाही. रोज संध्याकाळी कामावरून आले की मी खालची पत्रांची पेटी उघडून बघते. आला की आधी वाचेन.